तहानेची घंटा

‘काटक’ हा शब्द आपल्या माणसांना शिवीसारखा लागला पाहिजे. लागत नाही. उलट आपण छाती फुगवतो. पुढाऱ्याच्या भाषणात, ठेकेदाराच्या तोंडात, पांढरपेशांच्या ललित लेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हे लोक फार काटक हो! म्हणजे काय? म्हणजे ऊन यांना लागत नाही, शिळं यांना बाधत नाही, अनवाणी पायात काटा रुतत नाही. आणि असं म्हणणारा नेहमी सावलीत बसून म्हणतो. एखाद्याचं शरीर दुखतच नाही असं एकदा ठरवलं की त्याला औषध नको, सुट्टी नको, पाणीही नको. स्वस्तात पडतो साला.

आता दोस्तांनो, माझी गत ऐका. मला खरोखरच लागत नाही.

ही कवितेतली प्रतिमा नाही. मी स्वमग्न माणूस आहे, ज्याला ऑटिस्टिक म्हणतात तो. पुष्कळ स्वमग्न माणसांचं जे होतं ते माझंही होतं : शरीराच्या आतून येणारा निरोप माझ्यापर्यंत नीट पोचत नाही. भूक लागली, तहान लागली, लघवीला झाली, ताप चढला, थकलो, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. मला ते उशिरा कळतं, अर्धवट कळतं, नाहीतर भलत्याच रूपात कळतं. दिवसभर पोटात अन्नाचा कण नसला तर मला भूक लागत नाही. समोरच्या माणसाचा आवाज असह्य होतो. तहान लागत नाही. पाटीवरची अक्षरं घसरायला लागतात. ताप असला की वाटतं, आज गोदीवर सगळेच हळू का चालताहेत? लघवीचं कळतं तेव्हा धावायलाही वेळ उरलेला नसतो. एकदा पायाचं बोट मोडलं. दुसऱ्या दिवशी बूट चढेना तेव्हा खाली बघितलं. हे छापून येतंय याची मला लाज नाही. आपल्या लोकांच्या शरीराबद्दल इतरांनी आजवर पुष्कळ लिहिलं, आता शरीरवाल्यानं लिहावं.

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यातलं. माय रोज विचारायची, “काहून रे बापा, भूक नाई लागत का तुले?” मी म्हणायचो, नाई. घरात तांदूळ मोजून असायचा. त्या घरात भूक नाही म्हणणारं लेकरू गुणाचं ठरतं. शेजारच्या बाया मायले म्हणत, “तुहा पोरगा लय गुनाचा वो, कधी मागत नाई.” श्रीमंताच्या घरी मूल जेवायला मागेना तर डॉक्टर येतो. गरिबाच्या घरी मूल मागेना तर कौतुक होतं. माझ्यासारख्यांचं निदान कुठं अडतं म्हणून विचाराल तर ते इथंच, चुलीपाशी अडतं. दवाखान्याचं अंतर नंतरचं.

त्या ‘स्वमग्न’ शब्दाबद्दलही एकदा बोलून घेतो. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरनं १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतल्या ‘स्वतः’ या शब्दावरून मूळ शब्द घडवला, तोही वेगळ्याच आजाराबद्दल लिहिताना. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनरनं अकरा मुलांची हकीकत लिहिली आणि तो शब्द आमच्या कपाळी आला. मराठीनं त्याचं स्वमग्न करून टाकलं, स्वतःत बुडालेला. ज्याला स्वतःच्या मूत्राशयाची खबर नाही तो स्वतःत कसला बुडणार? पण दुसरा शब्द माझ्यापाशी नाही, तोवर हाच चालवतो.

शास्त्र काय सांगतं ते मॅट्रिकच्या अकलेनं जेवढं समजलं तेवढं सांगतो. डोळे, कान, कातडी बाहेरचं जग टिपतात. आतड्याचं, काळजाचं, फुप्फुसाचं टिपणारी वेगळी यंत्रणा शरीराच्या आत असते. इंग्लंडच्या शेरिंग्टननं १९०६ साली या दोहोंना वेगवेगळी नावं दिली. आतले निरोप मेंदूतल्या घडीत दडलेल्या इन्सुला नावाच्या भागात जमा होतात आणि तिथं त्यांचा अर्थ लागतो. हे मोजायची एक साधी परीक्षा १९८१ पासून प्रसिद्ध आहे : गप्प बसायचं, नाडीला बोट लावायचं नाही, आणि आपल्या काळजाचे ठोके नुसते आतून मोजायचे. मी घरी करून बघितली. एकही ठोका मिळाला नाही, आत कोणी राहतच नाही असं वाटलं. स्वमग्न माणसांवर या परीक्षेचे निकाल मात्र एकसारखे आलेले नाहीत. काही संशोधक म्हणतात की अडचण स्वमग्नतेची नाहीच, आपल्या भावना ओळखता न येण्याची आहे, आणि ती स्वमग्न माणसांत जास्त आढळते इतकंच. शिवाय काहींचं अगदी उलट असतं, त्यांना आतलं सगळं नको इतकं जाणवतं. आणि एकाच माणसात दोन्ही असतं. माझं पोट मुकं आहे, पण क्रेनचा भोंगा वाजला की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं.

हे सगळं मला कळलं भाच्यामुळं. बहीण गडचिरोली जिल्ह्यात दिली आहे. पोराच्या प्रमाणपत्रासाठी मी तिच्यासोबत रांगेत होतो. सरकारी पद्धतीत स्वमग्नता मोजायला चाळीस मुद्दे आहेत. डॉक्टर एकेक विचारत होते, बहीण पोराबद्दल सांगत होती, आणि मधेच ती थांबून माझ्याकडं बघू लागली. “दादा, हे तर तुहं होय.” दुखलेलं जाणवत नाही, असा एक मुद्दा त्या चाळिसात आहे. भूक-तहानेचा नाही. पुढं एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं मला चार वेळा बोलावून तपासलं आणि कागदावर लिहून दिलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते, त्यात स्वमग्नता नव्हती. एकवीसची यादी वाचताना मी तीन नावांवर थांबलो, कारण ती तिन्ही आपल्या दोन जिल्ह्यांच्या घरातली आहेत : कुष्ठरोगातून बरे झालेले, सिकलसेलवाले आणि स्वमग्न. तिघांचं एकमेकांशी काय नातं, असं कुणी विचारेल. मला तर रक्ताचं नातं दिसलं.

वरोऱ्याजवळचं आनंदवन सगळ्यांना ठाऊक आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली. सेवेच्या राजकारणाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधी. पण कुष्ठरोगात माणसाचं होतं काय ते बघा. बोटं रोगानं आपोआप झडतात असं लोक म्हणत. वेल्लोरचे सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की खरं नुकसान बधिरपणानं होतं. नस मेली की चटका कळत नाही, खडा कळत नाही, जखम कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते, हाड जातं. म्हणून या लोकांना काय शिकवतात? रोज संध्याकाळी तळवे डोळ्यांनी बघायचे. पाण्यात पाय भिजवायचे, तेल लावायचं. चहाचा गरम पेला फडक्यानं धरायचा. कातडी सांगत नाही तर डोळ्याला कामाला लावायचं. ‘जाणवत नाही ना, मग ठीकच असेल,’ असं त्यांना कोणी म्हणत नाही. माझी नस मेलेली नाही, निरोप निघतो, वाचला जात नाही. फरक मोठा आहे. पण उपाय सख्ख्या भावासारखा आहे. मीही आता रात्री झोपण्याआधी पाय बघतो, हात बघतो, लघवीचा रंग बघतो. गडद पिवळी असेल तर दोन तांबे पाणी, तहान असो नसो.

सिकलसेलचं तर आपल्या वस्त्यांत घरटी कुणीतरी ओळखीचं निघेल. गोंड-माडियांत आहे, आपल्यातही आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की त्या विळ्यासारख्या पेशी अडकतात आणि माणूस वेदनेनं लोळतो. म्हणून त्यांना सांगतात, तहान लागायची वाट बघू नको, आधीच पी. म्हाताऱ्यांनाही हाच सल्ला, कारण वयाबरोबर तहान मंदावते. म्हणजे तहानेवर भरवसा ठेवू नये अशी माणसं गावात किती निघतील, मोजा.

आणि गडचिरोलीतली तिसरी गोष्ट. तान्हं पोर बोलून सांगू शकत नाही की मला दम लागतोय. १९८० च्या दशकाच्या शेवटी राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायांना, सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. पुढं मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी एक साधन केलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. मिनिट संपायच्या आत लाल मणी आला की औषध. लेकराला विचारायचंच नाही, बाहेरून मोजायचं! या अडाणी म्हटलेल्या बायांनी हे करून दाखवलं आणि त्याचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ नावाच्या विलायती साप्ताहिकात छापून आला. म्हणजे ज्याचं शरीर स्वतः बोलत नाही त्याचं शरीर बाहेरून वाचायची विद्या आपल्या मातीत आहे. ती विलायतेहून आणायची नाही. स्वमग्न मजुराच्या वाट्याला तेवढी ती आली नाही, कारण त्याचं न बोलणारं शरीर कुणाच्या तरी फायद्याचं आहे.

कुणाच्या, ते सांगतो. दहावी झाल्यावर रेल्वेत बसलो आणि किनाऱ्यावरच्या एका गोदीत ठेक्यावर लागलो. मे महिना होता. जहाजाच्या पोटात साखरेची पोती. वर लोखंड तापलेलं, खाली वारा नाही. सकाळी मुकादम टोळीला म्हणाला, “याच्याकडून शिका रे, पाणीपण मागत नाय. मशीन आहे मशीन!” मी मनातून खूशही झालो. दुपारी माझा घाम यायचा बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, आज ऊन कमी आहे. बाजूचा उत्तर प्रदेशचा गडी माझा हात धरून ओरडला, तेव्हा माझी कातडी तव्यासारखी कोरडी आणि गरम होती. पुढचं मला आठवत नाही. त्या दिवशीची अर्धी मजुरी ठेकेदारानं कापली. मशीन बंद पडली ना!

पाण्याची टाकी होती तिथं. कुणी म्हणू शकणार नाही की पाणी ठेवलं नव्हतं. नियम असा की ज्याला तहान लागेल त्यानं मुकादमाला विचारून वर जावं. आता पाण्याची गोष्ट निघाली की आपल्यात ती जुन्या जखमेपाशी जातेच. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेली ती लहान पोरं आठवा, बाबासाहेब आणि सोबतची घरातली मुलं. डबा भरलेला होता, भूक होती, तहान होती. पाणी कुणी दिलं नाही म्हणून अन्नही खाता आलं नाही. त्यांना तहान कळत होती, पाणी अडवलं होतं. माझ्यापुढं पाणी आहे, तहानच कळत नाही. वरून बघितलं तर दोन टोकं. पण दोन्हीकडं व्यवस्था एकच म्हणते : मागा, मग बघू. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी हीच ‘मागा’ची भानगड मोडली. तहान लागली म्हणून कुणी तिथं गेलं नव्हतं. हक्क आहे म्हणून गेले होते, आणि हक्क आहे म्हणून ओंजळ भरली.

मागण्यावर चालणारी व्यवस्था फक्त माझ्यासारख्याला मारते असं समजू नका. जो घाबरतो तो मागत नाही. नवीन लागलेला मागत नाही. माझी माय रोवणीच्या दिवसांत मुद्दाम पाणी कमी प्यायची, कारण बांधीवर आडोसा नसतो आणि बाईनं कितीदा उठावं? तेंदूपत्त्याच्या दिवसांत, जेव्हा चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटेपासून जंगलात वाकलेल्या बायांना पाण्याचं कोण विचारतं? मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या आपल्या टोळ्यांना? विटाभट्टीवर? तिथं माझ्यासारखे किती असतील, कुणी मोजलेत? ते सगळे ‘काटक’ म्हणून खपून गेले.

एक गोष्ट आपल्या चळवळीतल्या कवी-मित्रांशी. मला बैठकीत कुणीतरी विचारलं, तुझ्या कवितेत आग नाही, तुला राग येत नाही का? येतो. पण तो मला छातीत जळत नाही, पोटात पेटत नाही. मुठी आवळलेल्या दिसल्या की कळतं, की बहुतेक राग आलाय. अक्षर मोठं व्हायला लागलं, कागद पेनाच्या टोकानं फाटला की कळतं. बाहेरून वाचतो मी माझा राग, त्या सुईणीच्या लाल मण्यासारखा. म्हणून तो खोटा आहे काय? आपल्या पानांवर पोटातली आग इतकी झालीय की ज्याच्या पोटातून धूर निघत नाही तो विद्रोहीच नाही, असं ठरू लागलं आहे. विहारात शिबिराला बसलो तेव्हाही हेच. गुरुजी म्हणाले, नाकाखाली श्वास जाणवतो तिथं लक्ष ठेवा. तासभर बसलो, काही जाणवेना. मग तळहात नाकासमोर धरला, हाताला गरम हवा लागली. गुरुजींनी हात खाली घ्यायला सांगितलं. मी नाही घेतला. बुद्धानं श्वास जाणायला सांगितलं ना? कशानं जाणायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता मागणीचं बोलू. कामाच्या ठिकाणी प्यायचं पाणी ठेवा, हे कारखान्यांच्या कायद्यानं १९४८ सालीच सांगितलं. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती, हेही त्याच कायद्यात होतं. त्याआधी १९४६ साली, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळातल्या दुरुस्तीनं आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. या कायद्यांची भाषा नीट बघा. ‘थकवा जाणवल्यास’ विश्रांती द्यावी, असं त्यात नाही. घड्याळ बघून द्यावी, असं आहे. ज्यांनी ते लढून मिळवलं त्यांना माहीत होतं की मालकाच्या दारात मजुराचं जाणवणं पुरावा म्हणून चालत नाही. घड्याळ चालतं. मला स्वमग्न म्हणून जी सोय हवी आहे ती नेमकी हीच आहे. २०१६ चा कायदा तिला वाजवी सोय म्हणतो. मला वेगळी खोली नको, दया नको, ‘स्पेशल’ नावाची पाटी तर नकोच. दर तासाला घंटा हवी. घंटा वाजली की सगळी टोळी थांबेल, सगळे पाणी पितील, ज्याला लघवीला जायचं तो जाईल, ज्याला वाटत नाही तोही एकदा जाऊन बघेल. मुकादमाला विचारायचं नाही.

ठेकेदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “घंटा!” मुंबईच्या बोलीत त्याचा अर्थ काय होतो ते मुंबईकरांना विचारा.

काही भले लोक म्हणतात, मोबाइलमध्ये गजर लावून घे ना. लावला आहे. तो वाजतो तेव्हा माझ्या पाठीवर पोतं असतं आणि मोबाइल फाटकावर जमा केलेला असतो. गजर लावला तरी थांबायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तसाच राहतो. शहाण्या लोकांच्या पुस्तकांत लिहितात की स्वमग्न माणसानं शरीराशी नातं जोडायला शिकावं. शिकतो की! पण ज्या शरीराचे आठ तास विकलेले आहेत त्याच्याशी नातं जोडायला आधी त्यातली दहा मिनिटं परत घ्यावी लागतील.

तूर्त आमच्या टोळीत असं चाललंय. तो उत्तर प्रदेशचा गडी दर तासाला पोती ओढायचा आकडा रिकाम्या पिंपावर तीनदा आपटतो. बाटली आधी माझ्याकडं येते. दोन माणसं या आवाजावर चिडतात, त्यातला एक मी, कारण तो आवाज माझ्या डोक्यातून आरपार जातो. मुकादम बघून न बघितल्यासारखं करतो, कारण मे महिन्यात आमच्या टोळीतलं कुणी पडलं नाही.

आपल्या शाखांनी तेंदूच्या ठेकेदारांना आणि विटाभट्टीवाल्यांना द्यायचं मागणीपत्र तयार केलं आहे. त्यात घंटेचं कलम पाचवं घातलं आहे. चौथं बायांच्या आडोशाचं आहे. दोन्ही एकत्र वाचावीत.